हाली, कलदार आणि डॉलर

धारूरच्या बाजारांत एके काळीं दोन रुपये चालत. एक निजाम सरकारचा हाली आणि दुसरा इंग्रजी राज्याचा कलदार. विसाव्या शतकांत सात हालींस सहा कलदार असा दर रूढ झाला होता. त्यापूर्वीं तो चांदीच्या भावाबरोबर खालींवर होई. सारा हालींत भरावयाचा. परंतु कापसाचा भाव ठरे तो मुंबईस, म्हणजे कलदारांत. ह्या दोहोंमधील बट्टा कोणाच्या पदरीं पडतो, हें आमच्या वडील पिढीस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. सध्यांच्या जागतिक आर्थिक संकटांचा विचार करूं लागलें असतां तोच प्रश्न पुन्हां पुढें येतो, म्हणून हें टिपण.

समजा, एखाद्याच्या कापसाचे साठ कलदार आले. नेहमींच्या दरानें त्यांचे सत्तर हाली होत. हालीचा भाव वधारून पासष्टच हातीं आले, तरी सारा तेवढाच. उलट हाली उतरला, तर शेतकऱ्यास चार पैसे अधिक सुटत. पण ज्याची मजुरी हालींत ठरलेली, त्यास ब्रिटिश मुलखांतून येणारें कापड महाग पडे. कौटिल्यानेंहि व्यवहारांत चालणारें नाणें आणि कोशांत घ्यावयाचें नाणें असा भेद करून त्यांवर देखरेखीस रूपदर्शक नांवाचा अधिकारी सांगितला आहे. मजुराचा विचार मात्र त्या प्रकरणांत दिसत नाहीं.

तो विचार डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनीं केला. त्यांचा ‘दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी’ हा ग्रंथ १९२३ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. युरोपांतील राष्ट्रांनीं चांदी सोडून सोनें धरल्यावर चांदी उतरली आणि १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांजवळ असलेला रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. निर्यातीस ह्यामुळें तेजी आली, असें व्यापारी वर्ग आनंदानें सांगे. आंबेडकरांचें म्हणणें असें कीं, वस्तूंचे भाव आधीं चढतात आणि मजुरी मागून रखडत येते. तेव्हां निर्यातदाराचा हा लाभ परक्याकडून आलेला नसून स्वदेशींच्या मजुराकडूनच आलेला असतो.

केन्स ह्यांनीं १९१३ सालीं दुसराच पक्ष मांडला होता. देशांत रुपया चालावा, परदेशीं देण्यापुरता तो सोन्याशीं जोडावा, ही पद्धति स्वस्त आणि शहाणपणाची, असा त्यांचा अभिप्राय. आंबेडकरांचा आक्षेप नेमका होता: ह्या पद्धतींत किती रुपये पाडावे ह्याला चालकावर बंधन उरत नाहीं. नवे रुपये पाडणें बंद करून त्यांची संख्या बांधून टाकावी व सोन्याचें नाणें काढावें, असें त्यांनीं १९२५ सालीं राजकीय आयोगापुढें मांडलें. आयोगानें ती योजना स्वीकारली नाहीं. रिझर्व बँक ह्याच ग्रंथांतून जन्मली असें अलीकडे सर्रास लिहितात. तें विधान पुराव्यापेक्षां मोठें आहे, आणि ग्रंथाच्या खऱ्या मोलास त्याची गरजहि नाहीं.

कारण त्या आक्षेपाचा प्रत्यय दुसऱ्या महायुद्धांत आला. इंग्रज सरकारचा येथील युद्धखर्च रुपयांत भागविला जाई आणि त्याच्या बदल्यांत लंडनमध्यें स्टर्लिंगचे रोखे जमा होत. त्या रोख्यांच्या आधारें येथें नोटा निघत. १९३९ सालीं सुमारें १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या. युद्ध संपतांना त्या हजार कोटींच्या पुढें गेल्या. भाव भडकले; १९४३ च्या बंगालच्या दुष्काळामागें इतर कारणांबरोबर हेंहि एक होतें. रिझर्व बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १९४४ सालीं ब्रेटन वुड्स येथें गेले, तेव्हां ह्या अडकलेल्या स्टर्लिंगची सोय नव्या नाणेनिधीनें करावी अशी भारतीय मंडळाची मागणी होती. ती फेटाळण्यांत आली. केन्स ह्यांची ‘बँकोर’ ह्या जागतिक नाण्याची कल्पनाहि मागें पडली. जगाचा कलदार डॉलर ठरला.

१५ ऑगस्ट १९७१ रोजीं अमेरिकेनें डॉलरच्या बदल्यांत सोनें देणें थांबविलें. तेव्हांपासून चलन सोन्यांत न बदलणारें आहे, परंतु आंबेडकरांना हवी होती ती संख्येची मर्यादा त्याला नाहीं. हल्लींचा एक नवा पक्ष म्हणतो कीं, स्वतःचें चलन काढणाऱ्या राज्यास त्या चलनांत दिवाळें निघण्याचें भय नाहीं. मर्यादा आहे ती मालाची व महागाईची. विचार चुकीचा नाहीं, पण तो हालीपुरता खरा. एप्रिल २०२२ मध्यें श्रीलंकेनें परदेशी कर्जाची फेड थांबविली, ती डॉलरची होती. हाली छापतां येतो, कलदार छापतां येत नाहीं.

त्याच वर्षीं जुलैमध्यें आपल्या रिझर्व बँकेनें परदेशी व्यापाराचा हिशेब रुपयांत करण्याची वाट मोकळी केली. पुढें मे २०२३ मध्यें रशियाचे परराष्ट्रमंत्री गोव्यांत म्हणाले कीं, भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साचले आहेत, ते वापरावयाचे तर दुसऱ्या चलनांत बदलले पाहिजेत. देशमुखांच्या मंडळानें स्टर्लिंगविषयीं मांडलेली अडचण येथें आपल्याच रुपयाविषयीं मांडली गेली होती.