जुन्या छायाचित्रातला रस्ता कोणता?

एखाद्या जुन्या ट्रंकेतून रस्त्याचे पिवळे पडलेले छायाचित्र निघते. पाठीमागे फार तर ‘मुंबई’ एवढेच लिहिलेले असते. मग कोणी म्हणतो लालबाग, कोणी म्हणतो भायखळा, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते. हा न्याय बरा नव्हे. रस्ता ओळखण्याची एक रीत आहे आणि ती कोणालाही साधण्यासारखी आहे.

प्रथम छायाचित्र सुलटे आहे की नाही ते पाहावे. काच उलटी ठेवून छाप काढली म्हणजे डावे ते उजवे होते. दुकानाच्या पाटीवरील अक्षरे भिंगातून पाहिली की हे कळते. पदर कोणत्या खांद्यावर आहे यावरून मात्र निवाडा करू नये; आपल्याकडे तो डाव्या खांद्यावर, तर गुजराती पद्धतीत उजव्या खांद्यावर येतो.

त्यानंतर काळ ठरवावा. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, विजेची ७ मे १९०७ रोजी, आणि ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम कायमची बंद झाली. म्हणून रस्त्यात रूळ आहेत पण वर विजेची तार नाही, असे चित्र १८७४ ते १९०७ यांमधले धरावे. आरंभी ट्रामचे मार्ग दोनच होते: कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणी, आणि बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणी. पुढे ते वाढले. ज्या रस्त्याने ट्राम कधी गेलीच नाही, तो रस्ता यादीतून आपोआप गळतो.

आता दिशा. मुंबईत वर्षातील बहुतेक दिवस भर दुपारची सावली उत्तरेकडे पडते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो, तेव्हा ती दक्षिणेकडे वळते. सकाळची सावली पश्चिमेकडे, संध्याकाळची पूर्वेकडे. एवढ्यावरून रस्ता पूर्व-पश्चिम की दक्षिणोत्तर, याचा अंदाज येतो.

शेवटी नेमकी जागा. समजा, चित्रात गिरणीचे धुराडे आणि एका चाळीचा कोपरा एकाच रेषेत दिसतात. जुन्या नकाशावर त्या दोहोंना जोडणारी रेषा ओढून पुढे वाढवावी. छायाचित्रकार त्या रेषेवर कोठेतरी उभा होता. अशीच दुसरी जोडी शोधावी. दोन रेषा जेथे छेदतात, तेथे त्याचा कॅमेरा होता. गिरणगावात धुराडी पुष्कळ, म्हणून एका धुराड्यावर विसंबून राहू नये.

वृद्धांना विचारावेच, पण एकेकट्याने, आणि आपला अंदाज आधी न सांगता. युनियनच्या चौकशीच्या कामात आम्ही हेच पाहत आलो आहोत की दोन साक्षीदार एकत्र बसवले तर दुसरा पहिल्याचेच बोलतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट चालल्या नाहीत. पुढे धुराडी पडली, चाळी पडल्या, त्या जागी मनोरे उभे राहिले. तेथे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला, त्यांच्याजवळ सनद नाही, बखर नाही. असलाच तर असा एखादा कागद. त्याच्याखाली चुकीचे नाव एकदा छापले गेले की दुसरे पुस्तक ते तसेच उतरवून घेते, आणि त्या माणसांचा रस्ता दुसऱ्याच्या नावावर जमा होतो.

म्हणून आमची विनंती एवढीच. घरी गेल्यावर आपल्याजवळची छायाचित्रे काढा. पाठीवर हलक्या हाताने, पेन्सिलीने रस्ता, साल आणि सांगणाऱ्याचे नाव लिहा. खात्रीचे ते खात्रीचे म्हणून लिहा आणि अंदाजापुढे ‘अंदाज’ असे स्पष्ट लिहा. सांगणारी माणसे आज आहेत, तोवरच हे काम व्हायचे आहे.