कबूल केलं तो वाचला

१६९२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावात दोन मुलींना झटके येऊ लागले. औषधाने गुण येईना, तेव्हा हे चेटूकच असं ठरलं. पहिल्यांदा बोट रोखलं गेलं ते एका भिकारणीवर, एका आजारी बाईवर आणि एका गुलाम स्त्रीवर. पुढे घरंदाज माणसंही सुटली नाहीत. ‘हिचं रूप येऊन मला चिमटे काढतं’ एवढी साक्ष कोर्टाला पुरेशी होती.

खरी मेख वेगळीच. गुन्हा कबूल करणारे बहुतेक वाचले. ठाम नाकारणाऱ्यांपैकी १९ जण फासावर गेले. म्हाताऱ्या जाइल्स कोरीने तर कोर्टाला उत्तरच दिलं नाही. त्याला आडवं पाडून अंगावर दगड रचत गेले. त्यातच तो मेला.

दोषी ठरूनही फाशी टळलेल्या एलिझाबेथ जॉन्सनचं नाव निष्कलंक व्हायला मात्र २०२२ उजाडलं, तेही शाळकरी मुलांनी नेट लावला म्हणून!

आर्थर मिलरने १९५३ मध्ये याच खटल्यांवर नाटक रचलं. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्टांची शोधाशोध चालू होती आणि सुटकेची वाट तीच होती : कबूल करा, आणखी नावं सांगा.

महाराष्ट्रात हे नुसतं रूपक नाही. कुणाला डाकीण ठरवून छळणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत.