फुकट तपासणी आणि आईचा खाडा

मुंबईत सरकारी रुग्णालयात मुलांचे डोळे जवळजवळ फुकट तपासतात, मग अडतं कुठे, असं आपण विचारतो. गोवंडीहून जे.जे.ला यायचं म्हणजे आईचा खाडा, ओपीडी सकाळचीच. आळशी डोळ्याच्या पट्टीसाठी अशा कितीतरी खेपा, आणि ७-८ वर्षांनंतर उपचाराला गुण कमी येतो. बरं, मूल तक्रारच करत नाही. एका डोळ्याला अंधुक दिसतं हे त्याला कळणार कसं? दुसऱ्यावर भागतं, आणि तुलनेला दुसरं जग नाही. (ज्ञानमीमांसेतला जुनाच प्रश्न!) म्हणजे शोधायला आपणच जायला हवं. २०१३ पासूनचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अंगणवाड्यांत, सरकारी-अनुदानित शाळांत जातो. गल्लीतल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेतलं मूल मात्र निसटतं. तिथली फी बाप ओव्हरटाइम करून भरतो, आणि आपण त्याला सधन धरतो.