गंजलेली फियाट आणि घरचे अंगण

डहाणूच्या किनाऱ्यावर जुनी फियाट अंगणात उभी राहिली, की खारा वारा तिच्या पाठीस लागतो. हवा आणि पाणी मिळाले की लोखंड गंजतेच. मीठ विरघळलेल्या ओलाव्यातून वीज अधिक सहज वाहते, म्हणून तेथे ते झपाट्याने गंजते. तलासरीला समुद्र लांब. तेथे पन्हळीत साचलेला पावसाळी चिखल तेच काम करतो.

ही गाडी कुर्ल्याच्या कामगारांच्या हातची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीने ती बनविली; पुढे तिचे नाव पद्मिनी झाले. तिला मालमोटारीसारखी वेगळी चासी नाही. भार पेलतो तळाचा पत्रा आणि दाराखालची पोकळ पेटी. तेथे स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे. टोक आत गेले, तर लांबी भरून वर रंग मारणे ही बसणाऱ्याची फसवणूक आहे. लांबी भार घेत नाही.

कुजका पत्रा कापून तितक्याच जाडीचा नवा जोडावा. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी मध्ये खचते, मग दारे लागत नाहीत. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, घोडे लावावेत. वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी उतरवून दूर न्यावी. रिकाम्या टाकीतही वाफ असते आणि तीच भडकते. कारखान्यात हे मी ओरडून सांगत आलो, पण घरच्या अंगणात ओरडणारा कोण?

शेवटी रेड ऑक्साइड, रंग आणि पोकळीत तेल. पाणी निघण्याची भोके मात्र बुजवू नका. मी ती बुजविली होती. दोन पावसाळ्यांत तोच पत्रा पुन्हा कापावा लागला.