अ‍ॅम्प्लिफायरची जागा कुठे?

भवानी पेठेतले जुने घर सोडून आम्ही कोंढव्याच्या फ्लॅटमध्ये आलो. भांडीकुंडी टेम्पोत गेली, पण अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन्ही स्पीकर अब्बांनी स्वतः रिक्षातून सांभाळून आणले. हॉल लहान, म्हणून अम्मीने अ‍ॅम्प्लिफायर एका स्पीकरवरच ठेवला आणि त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. दुसऱ्या स्पीकरवर कॅसेटचा डबा. त्यात दादीच्या आवाजाची एकुलती एक कॅसेट होती.

दोन महिन्यांत आवाज मधूनच बंद पडू लागला. तपकीर गल्लीतल्या कारागिराने झाकण उघडून पाहिले. यंत्र ठीक होते, चुकली होती ती जागा.

अ‍ॅम्प्लिफायर घेतो त्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो. ती गरम हवा वरच्या जाळीतून बाहेर पडली पाहिजे. रुमालाने किंवा बंद कपाटाने ती कोंडली, की यंत्र तापून बंद पडते. वर आणि बाजूंना निदान वीतभर जागा मोकळी हवी. दुसरे कारण हादऱ्यांचे. स्पीकरची पेटी वाजताना सतत थरथरते. त्याने जोडण्या सैल होऊ शकतात. रेकॉर्ड प्लेअर तर स्पीकरवर कधीच ठेवू नये. थरथर सुईपर्यंत पोहोचते, पुन्हा मोठी होऊन बाहेर येते आणि घुमघुम सुरू होते. स्पीकरमध्ये मोठे चुंबक असते, त्यामुळे कॅसेटवरचे ध्वनिमुद्रण बिघडण्याचीही भीती असते.

मग अ‍ॅम्प्लिफायर कुठे असावा? दोन स्पीकरांच्या मधोमध, वेगळ्या बुटक्या स्टँडवर. असे केले, की दोन्हीकडची वायर आखूड राहते. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १० मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन सुमारे ०.३५ ओहम रोध होतो. ८ ओहमच्या स्पीकरला तो चार टक्क्यांहून अधिक आहे. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली, तर तो ०.१४ ओहमवर येतो. एकीकडची वायर हात-दीड हात जास्त झाली तरी कानाला फरक कळत नाही. जोडणी मात्र वीज बंद करूनच करावी. लाल टोक लालला, काळे काळ्याला.

दोन स्पीकर आणि ऐकणारा, तिघांमधले अंतर सारखे ठेवावे. स्पीकर कोपऱ्यात कोंबले तर खर्ज फुगतो. भिंतीला चिकटवले तर शेजाऱ्यालाही त्रास, आणि शेजाऱ्याचा हक्क आपण जाणतोच.

जागा बरोबर साधली का, हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढणारे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये निवर्तले. त्यांच्या रेकॉर्ड स्टिरिओपूर्वीच्या, एकाच धारेतल्या. त्या लावल्यावर गळा बरोबर मधून, जिथे स्पीकर नाही तिथून, ऐकू आला पाहिजे. तो एका बाजूला झुकला, तर अंतर किंवा बॅलन्स तपासा. धूसर, पसरलेला वाटला, तर एखादी वायर उलटी जोडलेली असते.

अब्बांनी मात्र परीक्षेला दादीची कॅसेट लावली. थोडी खरखर होती, पण आवाज शाबूत होता. दादी दोन स्पीकरांच्या मधून बोलू लागली, आणि अम्मीने रुमाल घडी करून कपाटात ठेवला.