त्सावोचं पाणी, मोम्बासाचा किनारा

मोम्बासा शहराच्या पाण्यातला एक मोठा वाटा दोनशे किलोमीटरहून लांबच्या एका झऱ्यातून येतो, आणि त्या झऱ्यात पाणघोडे राहतात. म्झिमा हे त्याचं नाव. केनियाच्या त्सावो वेस्ट राष्ट्रीय उद्यानात तो आहे. जवळच्या च्युलू टेकड्या ज्वालामुखीच्या राखेने आणि सच्छिद्र लाव्ह्याने बनलेल्या. तिथे पडलेला पाऊस ओढ्यांतून वाहून जात नाही. तो मुरतो, जमिनीखालून झिरपत येतो आणि रखरखीत माळावर एकाएकी वर उसळतो, तळ दिसेल इतका नितळ. १९५०च्या दशकात इथून किनाऱ्यापर्यंत जलवाहिनी टाकली गेली. आज बारा लाखांवर वस्ती असलेल्या मोम्बासाला ती पुरत नाही, पण तिच्याशिवाय भागतही नाही.

‘आधी जंगल, मग बीच’ अशी केनियाची सहल दोन तुकड्यांत विकली जाते. आपल्याकडची बहुतेक मंडळी तर मसाई मारा, नाकुरू, अंबोसेली करून नैरोबीहूनच परततात. मला वाटतं, हा देश नीट समजून घ्यायचा तर त्सावो आणि किनारा एकत्र पाहायला हवेत, कारण या दोन्ही ठिकाणांचं नशीब एकाच पाण्याशी बांधलेलं आहे.

म्झिमाच्या डोहाकाठी पाण्याखाली उतरणारी एक काचेची खोली आहे. तिच्यात उभं राहिलं की माशांचे थवे अगदी नाकासमोरून जातात. पाणघोडे दिवसभर पाण्यात डुंबतात आणि रात्री बाहेर जाऊन गवत चरतात. सकाळी परतल्यावर त्यांची जी विष्ठा पाण्यात पडते, तिच्यावर सूक्ष्म जीव, मासे आणि माशांवर जगणारे पक्षी पोसले जातात. झऱ्याचं उरलेलं पाणी त्सावो नदीला मिळतं. नैरोबीच्या बाजूने येणारी अथी तिला भेटली की नदीचं नाव होतं गलाना. ती त्सावो ईस्ट ओलांडते, पुढे सबाकी होते आणि मालिंदीच्या उत्तरेला हिंदी महासागराला मिळते.

त्सावो ईस्ट आणि वेस्ट ही उद्यानं १९४८ साली झाली. दोन्ही मिळून क्षेत्रफळ पुणे जिल्ह्याच्या जवळपास दीडपट भरतं. इथल्या हत्तींचा रंग पाहून नवखा माणूस चक्रावतो: विटकरी तांबडा. माती तांबडी, आणि हत्ती ती सोंडेने अंगभर उडवून घेतात. पाणवठ्यावर आंघोळ करून निघालेला हत्ती काळपट राखाडी असतो, आणि थोड्याच वेळात धूळ माखून पुन्हा लाल होतो. ऊन आणि किडे यांपासून कातडी वाचवण्याचा हा त्यांचा उपाय.

या हत्तींनी फार सोसलं आहे. १९७०-७१च्या दुष्काळात ते हजारोंनी मेले. केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली, तरी हस्तिदंतासाठी चोरटी कत्तल चालूच राहिली आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्सावो परिसरात जेमतेम सहा हजार हत्ती उरले. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी नैरोबीत बारा टन हस्तिदंत जाहीरपणे जाळलं. २०२१च्या गणनेत त्सावो परिसरात सुमारे पंधरा हजार हत्ती मोजले गेले. ही कमाई मोठी आहे, पण पाऊस हुलकावणी देतो तेव्हा ती किती नाजूक आहे ते कळतं. २०२२च्या दुष्काळात फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात केनियात २०५ हत्ती दगावल्याची सरकारी नोंद आहे.

पाणी आटलं की हत्ती शेताकडे वळतात. उद्यानाला लागून असलेल्या तैता भागात मका खाणारा हत्ती आणि रात्र जागून काढणारा शेतकरी हा रोजचा झगडा आहे. सगल्ला गावच्या शेतांभोवती मला फार आवडलेला एक उपाय दिसतो. खांबांमध्ये तार बांधून तिच्यावर मधमाश्यांच्या पेट्या टांगलेल्या असतात. हत्तीचा धक्का तारेला लागला की पेट्या हलतात, माश्या बाहेर येतात आणि हत्ती मागे फिरतो, कारण डोळ्यांभोवती आणि सोंडेत बसणारा डंख त्याला सोसत नाही. पीक वाचतं, शिवाय मध विकता येतो. लुसी किंग या संशोधिकेने ही पद्धत विकसित केली. प्रवाशाचा पैसा अशा गावांपर्यंत पोचावा असं मला मनापासून वाटतं, कारण केनियातले निम्म्याहून अधिक वन्यप्राणी उद्यानांच्या हद्दीबाहेर, लोकांच्या जमिनीवर वावरतात. दोन्ही त्सावोंच्या मधल्या सामुदायिक जमिनींवरही राहण्याची सोय आहे. बुकिंग करताना तिथला मुक्काम मिळतो का, हे जरूर विचारावं.

आता समुद्र. किनाऱ्याला समांतर प्रवाळाची भिंत आहे. ती लाटा अडवते, म्हणून अलीकडचं पाणी शांत असतं. ओहोटीला दूरवर खडक उघडे पडतात, आणि तेव्हा पर्यटक त्यांवरून चालतात, तारामासे उचलून फोटो काढतात. तेवढ्याने जिवंत प्रवाळ तुटतो. १९९८ मध्ये समुद्र तापल्याने इथला प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडून मेला होता. त्यातून सावरणाऱ्याला आपल्या पायांचा भार नको. मालिंदी आणि वाटामूचे सागरी भाग १९६८ पासून संरक्षित आहेत. तरीही वरच्या शेतजमिनींची धूप होऊन आलेला गाळ सबाकी इथेच आणून टाकते. पावसानंतर मालिंदीचं पाणी चहाच्या रंगाचं होतं, आणि ईशान्येचा वारा सुटला की तो गाळ दक्षिणेला प्रवाळावर जातो. डोंगरावर झाड तुटलं की किनाऱ्यावर प्रवाळ गुदमरतो, इतका सरळ हा हिशोब आहे.

वाऱ्यांशी आपलंही नातं आहे. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून वाहणाऱ्या ‘कास्काझी’वर पूर्वी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबतं इकडे यायची. मग ‘कुसी’ सुटतो, आग्नेयेचा. जून-जुलैत तो केनियाच्या किनाऱ्यावरच्या दियानीचा समुद्र खवळवतो, विषुववृत्त ओलांडून वळतो आणि नैऋत्य मोसमी होऊन कोकणात पाऊस आणतो. आपल्या पावसाळ्यात केनियात प्राणी छान दिसतात, पण या वाऱ्यामुळे समुद्र शांत नसतो. दोन्ही हवं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेचा मोठा पाऊस टाळावा. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी, प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतताना अडवलं जातं. मलेरियासाठी डॉक्टरांना विचारून गोळ्या न्याव्यात.

नैरोबीहून किनाऱ्याला विमानाने पाऊण-एक तासात जाता येतं, पण मी सांगेन, रेल्वे घ्या. २०१७ साली सुरू झालेली मदाराका एक्सप्रेस त्सावोतून उंच भरावावरून जाते, आणि भरावाखाली ठेवलेल्या मोकळ्या वाटांनी हत्ती पलीकडे जातात. वोईला उतरून त्सावो ईस्टमध्ये शिरावं, गलानाच्या काठाने लुगार्ड धबधब्याचे पाण्याने कोरलेले खडक बघत पूर्वेकडे निघावं आणि साला फाटकातून बाहेर पडून मालिंदी गाठावं. पावसात ही वाट बिकट होते, तेव्हा चारही चाकांना जोर असलेली (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडी आणि वाट माहीत असलेला चालक हवा. पण या मार्गाने गेलं तर नदी बरोबर राहते, जंगलापासून थेट समुद्रापर्यंत.