उपवास आणि चरबीचें सरपण

एकादशीच्या दिवशीं सकाळपासून अन्नाचा कण न घेतलेला मनुष्य सायंकाळीं देवळाच्या पायऱ्या चढतो, चार माणसांशीं हंसून बोलतो. पोटांत कांहीं नसतां हें सरपण येतें कोठून?

उत्तर संसाराच्या हिशेबासारखेंच आहे. शर्करा ही खिशांतील मोड. यकृतांत तिचा सांठा सुमारें १०० ग्रॅम, आणि तो दिवसभराच्या उपवासांत संपत येतो. चरबी ही तिजोरींतील ठेव. एक ग्रॅम शर्करेपासून सुमारें ४ कॅलरी मिळतात, तर चरबीपासून ९. उपवासांत रक्तांतील इन्शुलिन उतरलें कीं ही ठेव मोकळी होते. चरबीचा रेणु फुटून ग्लिसरीन व तीन मेदाम्लें निघतात आणि हीं मेदाम्लें रक्तावाटें स्नायूंकडे व हृदयाकडे जातात.

मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. पामिटिक आम्लांत असे १६ अणु असतात. एवढा ओंडका चुलींत मावत नाहीं. तो फोडावा लागतो. तो कसा फुटतो, याचा छडा जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ क्नूप यांनीं १९०४ सालीं लावला. शरीरास जाळतां न येणारें बेंझिनचें कडें त्यांनीं साखळीच्या टोकास खुणेसाठीं जोडलें, तें मेदाम्ल कुत्र्यांना खाऊं घातलें आणि मूत्रांत ती खूण शोधली. साखळींतील अणु सम असल्यास मूत्रांत एक पदार्थ सांपडे, विषम असल्यास दुसराच. एकेक अणु तुटत असता, तर हा भेद उरला नसता. साखळी दोन-दोन अणूंनीं तुटते, हें त्यावरून ठरलें.

हें काम पेशींतील मायटोकॉन्ड्रिया नांवाच्या सूक्ष्म कोठड्यांत चालतें, असें केनेडी व लेनिंजर यांनीं १९४९ सालीं दाखविलें. प्रत्येक फेरींत चार क्रिया होतात: हायड्रोजन काढणें, पाणी मिळविणें, पुन्हां हायड्रोजन काढणें आणि शेवटीं दोन कार्बनांचा तुकडा तोडणें. सोळा अणूंच्या साखळीचे ७ घावांत ८ तुकडे होतात. ते प्राणवायूच्या साहाय्यानें पूर्ण जळतात व त्यांतील शक्ति ए. टी. पी. नांवाच्या रेणूंत सांठविली जाते. मेंदू मात्र मेदाम्लें जाळीत नाहीं; त्याच्यासाठीं यकृत याच तुकड्यांपासून कीटोन बनवितें.

पहिल्या क्रियेस साखळीच्या लांबीप्रमाणें निरनिराळीं एन्झाइमें लागतात. कांहीं बालकांत मध्यम लांबीच्या साखळीचें एन्झाइम जन्मतःच निकामी असतें. आई व बाप या दोघांकडूनहि दोष आला तरच हा विकार प्रकट होतो. मूल वेळच्या वेळीं खातें, तोंवर तें धडधाकट दिसतें. परंतु ताप-वांतीनें एक-दोन जेवणें चुकलीं कीं शर्करा संपते, चरबीचा ओंडका अर्धवट फुटून अडतो आणि मेंदूस पुरेसे कीटोनहि मिळत नाहींत. मूल ग्लानींत जातें. वेळीं उपचार न झाल्यास दगावतें.

अनेक देशांत जन्मानंतर थोड्याच दिवसांत टांचेंतील रक्ताच्या थेंबावरून हा दोष ओळखतात. उपाय सोपा आहे: अशा मुलास उपाशी राहूं द्यावयाचें नाहीं. आजारांत साखरेचें पेय द्यावें; तें पोटांत न ठरल्यास विलंब न करतां रुग्णालय गांठून शिरेवाटें ग्लुकोज द्यावें लागतें. ज्या घरीं असें मूल आहे, तेथें वेळेवर दिलेला घांस हेंच औषध होय.